हळहळीचा परिसर

मराठी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची अपघाताची कुठलीही बातमी घ्या. दुचाकी घसरली, विहिरीत पोहायला गेलेला मुलगा बुडाला, शेतात वीज पडली. बातमीचं शेवटचं वाक्य ठरलेलं : ‘या घटनेमुळे परिसरात हळहळ व्यक्त होत आहे.’ वाचून वाचून ते इतकं गुळगुळीत झालंय की डोळा त्याच्यावर ठरत नाही. पण बातमीदाराने त्यात, कदाचित नकळत, एक हद्द आखून ठेवलेली असते. हळहळ आहे, आणि ती परिसरात आहे.

परिसराबाहेरचं मरण वेगळ्या पानावर येतं. दूर कुठे विमान कोसळतं, शे-दीडशे माणसं जातात आणि टीव्हीच्या खालच्या पट्टीवर अक्षरं सरकतात : ‘मृतांत भारतीय नाहीत.’ आपण सुस्कारा सोडतो आणि आमटीची वाटी पुढे ओढतो. भारतीय असलेच तर पुढची चाळणी लागते. महाराष्ट्रातले किती? आपल्या जिल्ह्यातलं कुणी? तालुक्याचं नाव ऐकू आलं की हातातला घास हातातच राहतो.

असा सुस्कारा सोडणारा माणूस निर्दय नसतो. शेजारच्या आजींना रात्री दोन वाजता दवाखान्यात नेणारा तोच असतो. मग एकाच काळजाची ही दोन मापं कशी? आणि काही समाजांचं, काही लोकांचं काळीज मुळातच मोठं किंवा लहान असतं का? गेली चाळीस-पन्नास वर्षं मानसशास्त्रज्ञ या प्रश्नांच्या मागे लागले आहेत. त्यांना जे सापडलं ते पाहण्याआधी शब्दाचा घोळ निस्तरायला हवा.

‘एम्पथी’ हा इंग्रजी शब्द तसा तरुण आहे. जर्मनीत १८७३ साली रॉबर्ट व्हिशरने चित्र किंवा शिल्प पाहताना माणूस स्वतःला त्यात कसा ओततो हे सांगायला ‘आइनफ्यूलुंग’ हा शब्द वापरला. १९०९ साली एडवर्ड टिचनरने त्याला इंग्रजी रूप दिलं. आपल्याकडे ‘सहानुभूती’ होतीच, पण तिचा अर्थ सरकत सरकत दयेकडे गेला. ‘तुझी सहानुभूती नको मला’ असं आपण चिडून म्हणतो आणि निवडणुकीत तिची लाट येते. म्हणून पाठ्यपुस्तकांनी ‘समानुभूती’, ‘परानुभूती’ असे शब्द आणले. बोलण्यात मात्र आपल्याकडे त्याहून जिवंत शब्द आहेत : काळजात चर्र होणं, पोटात तुटणं, जीव कळवळणं.

या कळवळ्याला तीन पदर आहेत. बालवाडीत एक मूल रडायला लागलं की बाकीचीही भोकाड पसरतात, तो पहिला पदर : दुसऱ्याची भावना अंगाला लागणं. दुसरा म्हणजे समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं. तिसरा, त्याच्यासाठी काही करावंसं वाटणं. तिन्ही एकत्र असतातच असं नाही. म्हातारीला ओटीपी विचारणाऱ्या भामट्याला दुसरा पदर उत्तम साधलेला असतो, तिसरा शून्य.

आता प्रश्नाकडे. कोणाकडे ही समानुभूती जास्त? सर्वांत जुनं उत्तर घराघरात तयार आहे : बायकांचं काळीज मऊ, पुरुष कोरडे. नॅन्सी आयझेनबर्ग आणि रँडी लेनन यांनी १९८३ साली तोवर झालेले अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा एक गंमत दिसली. ‘दुसऱ्याचं दुःख पाहून तुम्हाला वाईट वाटतं का?’ असं कागदावर विचारलं की स्त्रिया-पुरुषांत मोठं अंतर पडतं. पण कागद बाजूला ठेवून हृदयाचे ठोके, तळव्याचा घाम, चेहऱ्यावरचे भाव मोजले की ते अंतर जवळजवळ दिसेनासं होतं. पुढे २००१ साली क्रिस्टी क्लाइन आणि सारा हॉजेस यांनी आणखी एक चिमटा काढला. चित्रफितीतल्या माणसाच्या मनातलं ओळखायचं, आणि बरोबर ओळखलं तर पैसे मिळणार. पैसे म्हटल्यावर दोघांचीही कामगिरी सुधारली आणि स्त्री-पुरुषांतला फरक उरला नाही. म्हणजे पुरुषांना ओळखता येत नव्हतं असं नाही. ते ओळखणं आपलं काम आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

देशांची क्रमवारीही झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ६३ देशांतल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या ऑनलाइन उत्तरांवरून यादी लागली. इक्वेडोर पहिला आला, लिथुआनिया शेवटचा. अशा याद्यांच्या बातम्या चटकदार होतात. पण प्रश्नावलीत ‘माझ्याहून दुर्दैवी लोक’ असं लिहिलेलं असतं. ते लोक कोण, हे लिहिलेलं नसतं. उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर स्वतःची आत्या आली की सीमेपलीकडचा निर्वासित, यावर सगळं उत्तर फिरतं. खरी मेख इथेच आहे. ‘कोणाकडे किती’ हा प्रश्न ‘कोणासाठी किती’ असा विचारला की चित्र लख्ख दिसू लागतं.

त्यासाठी इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात जायला हवं. मार्क लिव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थी सगळे मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल संघाचे चाहते. आधी एका खोलीत त्यांच्याकडून आपल्या लाडक्या संघाबद्दल लिहून घेतलं. मग सांगितलं, चित्रफीत पाहायला शेजारच्या इमारतीत जा. वाटेत एक तरुण पळत येतो, गवताच्या उतारावर घसरतो, घोटा धरून कळवळतो. तो अर्थात प्रयोगाचाच माणूस. घसरणं तेच, कळवळणं तेच. बदलत होता तो फक्त अंगातला शर्ट. कधी मँचेस्टर युनायटेडची जर्सी, कधी हाडवैरी लिव्हरपूलची, कधी साधा बिनछापाचा.

आपल्या संघाची जर्सी होती तेव्हा १३ पैकी १२ जण मदतीला थांबले. लिव्हरपूलची होती तेव्हा १० पैकी ३. साध्या शर्टाला १२ पैकी ४. आकडे छोटे आहेत, पण एक तपशील डोक्यात राहतो : वैऱ्याला आणि अनोळख्याला मिळालेली वागणूक जवळपास सारखीच होती. त्या मुलांच्या मनात लिव्हरपूलवाल्याबद्दल खास आकस होता म्हणून ते पुढे गेले असं दिसत नाही. तो ‘आपला’ नव्हता, एवढंच पुरलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, या म्हणीत कार्ट्यावर निदान राग तरी आहे. इथे कार्टं कुणाला दिसलंच नाही.

‘आपलं’ व्हायला किती लागतं? फार थोडं. हेन्री टायफेल हा पोलंडचा ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना जर्मनांच्या हाती सापडला, कैदेतून जिवंत सुटला. परत आला तर जवळचं जवळजवळ कुणीच उरलं नव्हतं. माणसं माणसांना ‘त्यांच्यातलं’ ठरवतात तरी कशी, याचा शोध त्याने पुढे आयुष्यभर घेतला. सत्तरच्या सुमारास ब्रिस्टलमध्ये त्याने चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांना पडद्यावरचे ठिपके मोजायला लावले आणि सांगितलं, तू जास्त मोजणाऱ्यांपैकी, तू कमी मोजणाऱ्यांपैकी. ही वाटणी खरं तर मनाला येईल तशी केलेली. मग थोडे पैसे दोन मुलांत वाटायला दिले. आपल्या गटात कोण आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, स्वतःला काही मिळणारही नव्हतं. तरी मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. अशाच पुढच्या प्रयोगात, दोन्ही गटांना भरपूर मिळेल असा पर्याय असताना, आपल्याला थोडं कमी पण त्यांना त्याहून कमी, असा पर्यायही निवडला. ठिपक्यांवरून हे होत असेल, तर भाषा, धर्म, आडनाव यांवरून काय होत असेल!

काय होतं ते शरीरातही दिसतं. पेकिंग विद्यापीठात २००९ साली चिनी आणि गोऱ्या विद्यार्थ्यांना मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून चेहऱ्यांच्या चित्रफिती दाखवल्या. कधी गालात सुई टोचली जायची, कधी कापसाची काडी नुसती टेकायची. दुसऱ्याच्या वेदनेला प्रतिसाद देणारा मेंदूचा भाग स्वतःच्या वंशाच्या चेहऱ्याला सुई टोचल्यावर अधिक चेतवला जायचा, परक्या चेहऱ्याला टोचल्यावर कमी. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांत हेच. नंतर विचारलं, कुणाला किती दुखलं असेल? त्यावर सगळ्यांनी सारखंच उत्तर दिलं. तोंडाने दिलेलं उत्तर प्रामाणिक होतं; फरक त्याच्या खालच्या मजल्यावर होता.

मग ही नाळ जन्मजातच तुटलेली समजायची का? इटलीतल्या एका प्रयोगाने याला फार सुंदर उत्तर दिलं. २०१० साली अ‍ॅव्हेनान्ती आणि सहकाऱ्यांनी गोऱ्या आणि काळ्या लोकांना हातात सुई शिरतानाची दृश्यं दाखवली. असं दृश्य पाहताना आपल्याही हाताचा तोच स्नायू क्षणभर आखडतो, निदान मेंदूकडून त्याला जाणारा निरोप मंदावतो. तो त्यांनी मोजला. आपल्या रंगाचा हात असला की निरोप मंदावायचा, दुसऱ्या रंगाचा असला की फारसा फरक पडायचा नाही. आणि मग त्यांनी तिसरा हात दाखवला : जांभळा. जगात कुणाचाही नसलेला रंग. जांभळ्या हातात सुई गेली तेव्हा पाहणाऱ्यांचे स्नायू पुन्हा प्रतिसाद देऊ लागले.

या जांभळ्या हाताजवळ जरा थांबू या. अनोळखीपणामुळेच कळवळा आटत असता, तर सर्वांत अनोळखी हात तोच होता. त्याच्याबद्दल मात्र पाहणाऱ्यांच्या कानांवर लहानपणापासून काहीही पडलेलं नव्हतं. परक्याच्या बाबतीत पाटी कोरी नसते. घरच्या गप्पांनी, विनोदांनी, टोपणनावांनी ती आधीच भरलेली असते. याच प्रयोगात ज्यांच्या मनात नकळतचे पूर्वग्रह जास्त आढळले, त्यांच्या प्रतिसादातलं अंतरही जास्त होतं.

प्रयोगशाळेतली सुई ही गोष्ट लहान वाटेल. मोडलेल्या हाडाची गोष्ट लहान नाही. लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठ रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात हातापायाचं लांब हाड मोडून आलेल्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. अहवाल १९९३ साली आला. वेदनाशामक अजिबात न मिळालेल्यांचं प्रमाण गोऱ्यांत २६ टक्के होतं, तर लॅटिन अमेरिकी वंशाच्या रुग्णांत ५५ टक्के. पुढच्याच वर्षी त्याच गटाने तपासलं की डॉक्टरांना या रुग्णांची वेदना ओळखताच येत नाही का. येत होती, दोन्हीकडे सारखीच येत होती. पेकिंगच्या विद्यार्थ्यांसारखंच हे : विचारलं तर उत्तर बरोबर, हात मात्र औषधाकडे जात नाही. २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठात २२२ गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना जी विधानं दिली, त्यांत ‘काळ्यांची कातडी जाड असते’ यासारखी धादांत खोटी विधानंही होती. जवळपास निम्म्यांना त्यांतलं एखादं तरी खरं वाटलं. आपल्याकडे उन्हात राबणाऱ्यांबद्दल ‘त्यांना सवय असते’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो, ते इथे आठवावं.

कळवळ्याला कुंपण असतं, हे आपल्याला सांगायला प्रयोगशाळेची वाट पाहावी लागली नव्हती. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९३६ साली अध्यक्षीय भाषणाला बोलावलं, मसुदा वाचून मंडळ बिचकलं आणि त्याने अधिवेशनच रद्द केलं. बाबासाहेबांनी ते भाषण ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने स्वतः छापलं. जातीमुळे दानधर्मापासून कणवेपर्यंत सगळा चांगुलपणा जातीच्या वेशीवरच अडतो आणि सार्वजनिक हिताची जाणीव उभीच राहू शकत नाही, असं त्यांचं त्यातलं निदान होतं. टायफेलच्या ठिपक्यांना तेव्हा तीस-पस्तीस वर्षं अवकाश होता. आपली एक म्हणही बघा : जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. आपण ती शहाणपणाची म्हणून वापरतो, आणि ती आहेही. पण जरा कान देऊन ऐका. कळण्यासाठी वंशातच जावं लागत असेल, तर बाहेरच्याला न कळण्याची सोयच झाली की!

ही सोय आपण शब्दांतही करून ठेवतो. ‘ऑटिझम’ला मराठीत आपण ‘स्वमग्नता’ म्हणतो. स्वतःत मग्न, म्हणजे दुसऱ्याचं याला काही वाटत नाही, हा निकाल नावातच लागला. शास्त्रही बराच काळ तेच सांगत होतं की दुसऱ्याचं मन ओळखणं हे यांचं अधू अंग. २०१२ साली डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिझम असलेल्या समाजशास्त्रज्ञाने साधी शंका काढली : आम्हाला तुमचं मन कळत नाही म्हणता, तुम्हाला आमचं कळतं का? न कळणं दुहेरी असेल, तर दोष एकाच्याच नावावर का?

एडिंबराच्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखी परीक्षा घेतली. आठ जणांची साखळी, पहिल्याला गोष्ट सांगायची, त्याने दुसऱ्याला, आणि शेवटी किती तपशील टिकले ते मोजायचं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सगळे ऑटिझम असलेले जिथे होते ती साखळी, आणि कुणालाच ऑटिझम नव्हता ती साखळी, दोन्ही सारख्याच उतरल्या. तपशील गळाले ते मिश्र साखळीत. पुढे २०२५ साली तीनशेहून अधिक जणांचा मोठा प्रयोग झाला, त्यात तर मिश्र साखळ्याही मागे पडल्या नाहीत. म्हणजे जी खोट माणसात आहे असं आपण म्हणत होतो, ती फार तर दोघांमधल्या वाटेत होती, आणि ती वाट दुरुस्त होण्यासारखी होती.

वाट कशी दुरुस्त होते? ऑस्ट्रेलियात शिकायला गेलेल्या चिनी विद्यार्थ्यांवर तोच सुईचा प्रयोग झाला, तेव्हा रोजच्या आयुष्यात गोऱ्या लोकांशी ज्यांचा जास्त संबंध येत होता, त्यांच्या मेंदूचा गोऱ्या चेहऱ्यांच्या वेदनेला प्रतिसादही जास्त होता. ते कुणी वंश बदलून आले नव्हते. बसथांब्यावर, वर्गात, दुकानात रोज भेटत होते, इतकंच.

पण नुसती गाठ पडून भागत नाही. कशासाठी गाठ पडते, यावर पुष्कळ काही ठरतं. उत्तर प्रदेशच्या खेड्यांत मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने यासाठी क्रिकेट निवडलं. आठ लीग, आठशे खेळाडू, पाच-पाच जणांचे संघ. कोण कुणाच्या संघात हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलेलं. काहींच्या संघात वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र आली, काहींच्या वाट्याला ती समोरच्या संघात आली. एकाच संघातून खेळलेल्यांची जातीबाहेर मैत्री वाढली आणि आपल्या जातवाल्यालाच पुढे करणं कमी झालं. समोरासमोर उभे राहिलेल्यांत मैत्री वाढली नाही, उलट काही बाबतींत अंतर वाढलं. धाव दोघांची मिळून लागत असेल तर एकाचा पाय मुरगळला की दुसऱ्याच्या पोटात तुटतं.

दिल्लीतही असंच काही घडलं. २००७ पासून तिथल्या अनेक महागड्या खासगी शाळांना गरीब घरांतल्या मुलांसाठी जागा राखाव्या लागल्या. गौतम राव यांनी श्रीमंत मुलांवर याचा काय परिणाम झाला ते पाहिलं. गरीब वर्गमित्र लाभलेली मुलं इतरांपेक्षा अधिक उदार निघाली, आणि रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडताना कपड्यांपेक्षा वेगाकडे जास्त पाहू लागली. किंमतही मोजावी लागली. इंग्रजीचे गुण किंचित घसरले आणि वर्गात शिव्या थोड्या वाढल्या. हा सौदा वाईट म्हणायचा का, हे ज्याने त्याने ठरवावं. शिक्षण हक्क कायद्याची २५ टक्के जागांची तरतूद आपल्याकडेही आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना त्यातून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. त्या वादात फी, परतावा, जागा यांची बरीच चर्चा झाली. बाकावर शेजारी बसलेल्या मुलांच्या मनात काय रुजतं, याची मात्र फारशी कुणी केली नाही.

आता परत लँकेस्टरच्या गवताळ उतारावर. तिथला दुसरा प्रयोग सांगायचा राहिला आहे. मुलं पुन्हा मँचेस्टर युनायटेडचीच चाहती. पण या वेळी त्यांच्याकडून आपल्या संघाबद्दल न लिहून घेता, ‘फुटबॉलप्रेमी’ असण्याबद्दल लिहून घेतलं. मग तीच वाट, तेच घसरणं. आता लिव्हरपूलच्या जर्सीतला तरुण पडला तेव्हा १० पैकी ७ जण धावले. आपल्या जर्सीला १० पैकी ८. काही मिनिटांचं लिखाण, आणि हाडवैरी परिसरात आला. कुणाचं काळीज मोठं झालं नव्हतं, कुणाला उपदेश केला नव्हता. ‘आपण कोण’ या प्रश्नाचं उत्तर थोडं रुंद झालं होतं.

इथे थांबलं तर लेखाचा शेवट गोड होईल. पण साध्या शर्टातला तो तिसरा तरुण त्याही दिवशी घसरून पडला होता. तो फुटबॉलवाला दिसत नव्हता. त्याच्यासाठी ९ पैकी २ जण थांबले. कुंपण हलवलं होतं, काढलं नव्हतं. आणि ते हलवताना तो पुन्हा बाहेरच राहिला होता. पुढच्या वेळी ‘परिसरात हळहळ’ हे शब्द डोळ्यांखालून जातील तेव्हा मला आधी तो आठवेल : घोटा धरून बसलेला, अंगात कुठलाच छाप नसलेला शर्ट, आणि शेजारून पुढे जाणारी, एरवी चांगली असलेली सात मुलं.